पुढची भेट शंभर वर्षांनी

पुस्तिका लिहिणाऱ्या बाईंना ऑफिसात सगळे मास्तरीणबाई म्हणत. शिकवलं त्यांनी कधी कुणालाच नव्हतं. पण चूक दिसली की चष्म्यावरून बघायच्या, तेवढ्यावर नाव पडलं. कंपनी कानाची मशीनं विकायची. मशीन कानात कसं बसवावं, सेल कसा बदलावा, हे सोप्या शब्दांत लिहून देणं हे बाईंचं काम. वाचतो कोण! खोक्यातून मशीन निघालं की पुस्तिका थेट रद्दीत. नवरा चिडवायचा, तुझा वाचक अजून जन्माला यायचाय.

आणि बघा, जन्माला आला! कंपनीनं एआय एजंट आणले. कॉम्प्युटरच्या पोटात बसून आपली आपण कामं उरकणारे. त्यांच्यासाठी विक्रीच्या डेटाबेसमध्ये शोधाशोध करणारं एक टूल तयार झालं. ते कधी वापरायचं, काय मागायचं, मिळालेल्याचं काय करायचं, हे एजंटांना समजेल असं लिहायला बाईंना सांगितलं. हा वाचक शब्द न् शब्द वाचायचा आणि लिहिलंय तेवढंच करायचा. बाईंनी त्याचं नाव ठेवलं सांगकाम्या. वरवर नाक मुरडायच्या, पण आतून हुरळल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं ऐकत होतं.

पहिल्या चाचणीसाठी त्यांनी लिहिलं, की बरेच दिवस ज्यांची भेट नाही अशी गिऱ्हाइकं शोधावीत आणि त्यांना आपुलकीचा निरोप लिहावा. सांगकाम्यानं धडाधड निरोप लिहिले. पाठवण्याआधी ते ज्याच्या त्याच्या विक्रेत्याकडे तपासायला गेले.

दुपारी भाऊकाका बाईंच्या टेबलाशी आले. हे सगळ्यांत जुने विक्रेते. एरवी तोंडाचा पट्टा चालूच. त्या दिवशी नुसता कागद पुढे केला. 'बऱ्याच दिवसांत गाठ नाही. नीट ऐकू येतंय ना? कधी येऊ भेटायला?' वर नाव होतं त्यांच्या बायकोचं. ती जाऊन दोन वर्षं होत आली होती.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. भाऊकाकांनीच मग त्यांना पाणी दिलं आणि विक्रेत्यांची एक जुनी रीत सांगितली. गिऱ्हाईक वारलं की त्याची नोंद पुसायला हात धजावत नसे. मग 'पुढची भेट' या रकान्यात शंभर वर्षांनंतरची तारीख टाकायची. आठवड्याच्या फेरीची यादी त्या रकान्यावरूनच निघायची, त्यामुळे ते नाव पुन्हा कधी समोर येत नसे. सगळ्यांना ठाऊक, म्हणून कुणी कुणाला सांगितलंच नाही. बाईंनाही नाही, आणि मग सांगकाम्याला कोण सांगणार?

साहेबांच्या कानावर गेलं. माणूस वाईट नव्हता, पण घाबरला. असा एक जरी निरोप खरंच गेला असता तर? असल्या नोंदी शनिवारी पुसून टाकायच्या, असं त्यानं ठरवलं. मीटिंगमधून बाहेर आल्यावर भाऊकाका बाईंना म्हणाले, "घरातलं तिचं सगळं मुलींनी आवरलं. बरोबरच केलं त्यांनी. पण ही एवढी नोंद राहिली असती तर..."

बाई तशाच उलट्या पावली साहेबांकडे गेल्या. मी नीट लिहिते, असा एक जरी निरोप निघाला तर खुशाल पुसा, म्हणाल्या. साहेबानं शुक्रवारपर्यंतची मुदत दिली.

त्यांनी नवं लिहिलं: पुढची भेट शंभर वर्षांनी असेल, तर ते गिऱ्हाईक नाही असं समजावं. निरोप थांबले. बाई खूश! भाऊकाकांना मुद्दाम बोलावून, नावानं विचारून बघा म्हणाल्या. काकांनी बायकोच्या नावानं विचारलं. उत्तर आलं, या नावाचं कुणीही आपल्याकडे कधी नव्हतं.

काका खुर्ची सरकवून निघून गेले. बाईंना स्वतःच्या थोबाडीत दोन माराव्याशा वाटल्या. सांगकाम्याचा काय दोष? जे सांगितलं तेच त्यानं केलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी सगळं खोडून पुन्हा लिहिलं: 'पुढची भेट शंभर वर्षांनी असेल, तर हे गिऱ्हाईक आता हयात नाही. ते आपलंच आहे. त्याला निरोप लिहू नये, यादीत घेऊ नये. पण कुणी नावानं विचारलं, तर जे लिहून ठेवलंय ते सगळं सांगावं.' चाचणी झाली. साहेबानं सगळे निरोप स्वतः चाळले. त्यांत गेलेल्यांपैकी एकही नाव नव्हतं. राहू द्या नोंदी, म्हणाला.

भाऊकाका यायला तयारच नव्हते. बाईंनी जवळजवळ ओढून आणलं. त्यांनी एका बोटानं नाव टाइप केलं. उत्तर आलं.

'हो, आपल्या गिऱ्हाईक आहेत. आता हयात नाहीत. उजव्या कानाचं मशीन. पहिल्या भेटीची नोंद: दार जोरात वाजवू नये, दचकतात. समोर बसून सावकाश बोलावं. समजलं नाही तरी हसतात, म्हणून पुन्हा विचारावं.'

काकांनी पडद्यावरच्या त्या नोंदीवर बोट ठेवलं.

"हे मी लिहिलं ना, तेव्हा ती नुसती गिऱ्हाईक होती," ते म्हणाले. "लग्नाबिग्नाचं डोक्यातही नव्हतं."

बाईंना रडू फुटलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

"पुन्हा विचारलं तर सांगेल का तो?" काकांनी हळूच विचारलं.

"विचारा की," बाई म्हणाल्या, आणि आपली खुर्ची त्यांना दिली.