बोरीखाली गप्प बसले तेव्हा

आमच्याकडे रानातली बोरं वेचायला बाई एकटी जात नाही. जोडीनं जायचं. एकीनं वाकून वेचायचं, दुसरीनं ताठ उभं राहून बोलत राहायचं. सासूच्या चुगल्या करा, नाहीतर आणखी काही, पण आवाज थांबू द्यायचा नाही. वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं म्हणतात. माझं तोंड कधी बंद नसतं, म्हणून धाकटी जाऊ मलाच सोबत नेते.

मागच्या थंडीत पोंभुर्ण्याकडच्या जंगलात एक बोरीचं झाड बोरांनी नुसतं लगडलं होतं. जाऊ वाकून फांद्यांच्या आत शिरली. मी बाहेर उभी राहून नातीच्या लग्नाचं सांगत होते. तेवढ्यात पायाशी लाल बोरं दिसली. म्हटलं, मूठभर उचलते. बसले. एक तोंडात टाकलं, गोड लागलं, दुसरं टाकलं. बोलणं कधी थांबलं, कळलंच नाही.

मग चितळ ओरडलं, वाघाची चाहूल लागली की ओरडतं तसं. अगदी जवळ.

"बाई, चूप काऊन झाल्या?" जाऊ आतून म्हणाली.

वारा नव्हता आणि समोरचं गवत हलत होतं.

"निघ बाहेर!"

"कशी निघू? लुगडं अटकलं. केसबी."

बोरीचा एक काटा सरळ, एक आकड्यासारखा. ओढलं की जास्तच धरतो. खोटं कशाला बोलू, माझे पाय गावाकडे वळले होते. पण गप्प तर मीच बसले होते ना. मार्कंडदेवाच्या नावानं ओरडत आत शिरले आणि कमरेच्या विळ्यानं तिचा पदर कापला, केसांची बट कापली.

"केस कायले कापता?"

"डोस्कं राह्यलं ना तुयं? चाल!"

हात धरून, गवताला पाठ न दाखवता, आम्ही मागं मागं सरकत गावाकडं जाणारी पांदण गाठली. टोपली तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी गावातली माणसं ती आणायला गेली. मी बसले होते, तिथून चार हातांवर ओल्या मातीत पंजा उमटला होता.

जाऊ अजून मलाच नेते. मी आता तिथं बोर तोंडात घालत नाही. परवा बोलता बोलता नुसता ठसका लागला, तर आत तिचे हात थांबले.

"बाई? आहा ना?"

"आहो, इथंच आहो," म्हटलं, आणि नातीचं लग्न पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.