बसू नका, वर चढा
काल सोसायटीची टाकी धुतली आणि ब्लीचिंग पावडरच्या वासानं मला नोकरीचे पहिले दिवस आठवले. परभणी जिल्ह्यातल्या एका सांडपाणी केंद्रावर मी पाणी तपासायला नवीनच लागले होते. तिथलं पाणी शेवटी क्लोरीन देऊन ओढ्यात सोडायचे, आणि खालच्या गावांतली लेकरं त्याच ओढ्यात डुंबायची. वैशाखातल्या एका दुपारी क्लोरीनच्या सिलिंडरचा जोड अचानक फुसफुसायला लागला. पिवळट गॅस पसरला, डोळे पेटले. घरात चुलीतल्या कापसाच्या पळाट्यांचा धूर कोंडला की खाली बसायचं, हे आईनं शिकवलेलं, म्हणून मी मटकन खाली बसले. म्हाताऱ्या ऑपरेटरकाकांनी दंडाला धरून मला उठवलं. “बसू नका मॅडम, वर चढा! हा गॅस जड हाय, खालीच साचायलाय!” मला जिन्यावर ढकलून, तोंडाला ओला रुमाल बांधून ते स्वतः मात्र सिलिंडरच्या खोलीत शिरले. मी वरून नुसती दाराकडे बघत राहिले. फुसफुस थांबली, तरी ते येईनात. शेवटी भिंत धरत बाहेर आले आणि खोकत म्हणाले, “ओढ्याचं गेटबी लावलंय. बिगर औषधाचं पाणी खाली जाऊ दिलं न्हाई.” आजही फोन लावला, की काकांच्या आधी त्यांचा खोकला बोलतो.