गालावरची माती

दौलू मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते जमिनीवर आडवे पडलेले.

आष्ट्याजवळच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवायला रुजू झालो, तो दिवस. शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकलं, तर खाकी अर्धी चड्डी घातलेले पन्नाशीचे एक धिप्पाड गृहस्थ फरशीला गाल लावून पडलेले. मला वाटलं, चक्कर आली. पाणी आणायला वळणार तोच ते पडल्या पडल्याच म्हणाले, "थांबा वो नवं सर. ह्यो कपाटाचा चौथा पाय टेकलाय का न्हाई, त्येचा निकाल चाललाय." कपाट हलतं की नाही यावरून चित्रकलेच्या सरांशी त्यांचा वाद झाला होता. मग ते उठले, गालाची धूळ न पुसताच "न्हाई टेकला, बोटभर वर हाय" असं जाहीर केलं आणि कवायतीच्या तासाला निघून गेले.

पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते आमच्याकडे कवायत शिकवायला आले होते. पण पंचक्रोशी त्यांना ओळखायची ती कुस्तीचे पंच म्हणून. यात्रांचा हंगाम आला की मास्तरांना बोलावणी यायची. बाकीचे पंच गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून बघत. मास्तर सरळ मातीत लोळण घेत. दोन्ही पैलवानांच्या अंगाखाली नजर घालून, खांदे टेकले की नाही ते बघत आणि उठून निकाल देत. "उभ्यानं बघितलं की डोळ्याला पायजे त्येच दिसतं," असं ते म्हणायचे. "आडवं व्हावं लागतं. कापडं खराब झाल्याबिगर निकाल देता येत न्हाई." घरी त्यांची बायको, आमच्या काकी, वैतागायच्या. "आवं, भाकरी फुगली का न्हाई त्येबी चुलीपुढं आडवं होऊन बघत्यात!"

त्यांच्या मैदानाचे दोन रिवाज होते. मोठी कुस्ती लागण्याआधी दोन्ही पैलवानांचे हात धरून, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, ते अख्ख्या आखाड्याला फेरी मारत आणि ओरडत, "जोड बघून घ्या!" लोकांनी दोघांनाही डोळे भरून पाहावं, म्हणजे नंतर तक्रार नको. दुसरा रिवाज फेट्याचा. फेटा फक्त जिंकणाऱ्याला. कुस्ती बरोबरीत सुटली, तर पैलवान कितीही मोठा असो, तो बोडक्या डोक्यानंच परत जायचा.

त्या काळात मोठा पैलवान म्हणजे सर्जेराव. त्याचा फोटो नाही असं केस कापायचं दुकान सांगली-साताऱ्याकडे नव्हतं. एका सिनेमात तो खलनायकाला उचलून आपटताना दिसला, तेव्हापासून तर बाया तान्ही पोरं त्याच्या पायावर घालू लागल्या. आणि भिवा होता माण तालुक्यातल्या एका मेंढपाळाचा पोरगा. दुष्काळाच्या साली बापाबरोबर मेंढरं घेऊन इकडं आला आणि इथल्याच एका तालमीत राहिला. उंच, काटक आणि विलक्षण अबोल.

आमच्या गावच्या यात्रेत या दोघांची जोड लागली. सर्जेरावानं आधीच निरोप पाठवला होता. थोडा वेळ खेळ दाखवायचा, मग मी पाडीन तेव्हा पडायचं. भिवानं निरोप्याला सांगितलं, "आमाला खोटं पडाया येत न्हाई." एवढंच. आणि मैदानात त्यानं ढाक मारून सर्जेरावाला खाली घेतलं. हजारो लोक ओरडले, "पाठ लागली न्हाई! पाठ लागली न्हाई!" मास्तर मातीतून उठले. अर्धा चेहरा तांबडा झालेला. त्यांनी भिवाचा हात वर केला आणि त्याला फेटा बांधला. लोकांनी ढेकळं मारली. मास्तर जागचे हलले नाहीत.

महिन्याभरानं भर दुपारी तालमीच्या पडवीत भिवाला लोखंडी गजांनी मारून टाकलं. सर्जेरावाला आणि त्याच्या दोन साथीदारांना अटक झाली. तालमीत राहणाऱ्या पाच पैलवानांनी पोलिसांना सगळं सांगितलं होतं, अगदी कोणाच्या हातात गज होता तेसुद्धा. दोन वर्षांनी खटला उभा राहिला, तेव्हा पाचही जण पिंजऱ्यात उभे राहून म्हणाले, "खुराक खाऊन आम्ही झोपलो होतो. काही ऐकलं नाही." मास्तर मला म्हणाले, "भितीपल्याड पोरगं मेलं आन् पाच जन घोरत हुती. लय गाढ झोप म्हनायची, सर." मी कोर्टाला दोष द्यायला लागलो, तर त्यांनी मला थांबवलं. "कोर्टाचं काय चुकलं? त्ये काय आडवं हुतं काय तिथं? जी हुती, त्यांनी डोळं मिटलं."

पुराव्याअभावी सर्जेराव सुटला. सांगलीहून आलेल्या दुपारच्या एस.टी.नं बातमी आणली आणि गावाला जणू वेड लागलं. फटाके, हलगी, गुलाल. संध्याकाळी उघड्या ट्रकमधून त्याची मिरवणूक निघाली. दारादारांत बाया आरत्या घेऊन उभ्या. केशकर्तनालयातल्या फोटोला झेंडूचा हार. आमच्या हेडमास्तरांनी पोरांना मिरवणूक बघता यावी म्हणून शाळेला उरलेल्या दिवसाची सुट्टी दिली. वर म्हणाले, "शेवटी सत्याचाच विजय होतो हो!" पुरावा पुरला नाही, एवढंच कोर्टानं म्हटलं होतं. त्याचं सत्य आमच्या हेडमास्तरांनी करून टाकलं. माणूस शिकलेला असला म्हणजे त्याला असली कामं चटकन जमतात.

पण माझ्या अंगाची खरी लाहीलाही झाली ती वाण्याच्या दुकानात. चारचौघे शेंगा खात बोलत होते.

"त्या पोरानं तरी जरा दमानं घ्यायचं का न्हाई?"

"व्हय की. येवढ्या मोठ्या मानसाला चार लोकांत पाडायचं म्हंजे?"

"आन् पाठ तरी कुठं लागली हुती?"

म्हणजे मेला तो गुन्हेगार, आणि मारणारा बिचारा दोन वर्षं कोठडीत कष्टी झालेला! हीच माणसं घरची कोंबडी चोरीला गेली तर गाव डोक्यावर घेणारी. मी काहीतरी बोललो. ते हसले. "सर, तुमाला कुस्तीतलं काय कळतंय?" म्हणाले. त्यात कुस्तीतलं कळण्यासारखं होतं काय, ते मला आजही कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाचे सर शिक्षकांच्या खोलीत पेढे घेऊन आले. मास्तरांपुढे पुडा धरला.

"कसला पेढा?"

"अहो, पैलवान सुटला!"

"सुटला. जिकला का?"

"तेच की हो मास्तर."

"त्येच न्हवं," मास्तर शांतपणे म्हणाले. "बरोबरीत सुटलेल्याला आमी फेटासुदिक देत न्हाई. तुमी तर पेढं वाटाया लागला."

यात्रा पुन्हा आली. यात्रा कमिटीचे अध्यक्ष आप्पासाहेब हेच आमच्या शिक्षणसंस्थेचे चेअरमन होते. सर्जेरावाचा मैदानात जाहीर सत्कार करायचं कमिटीनं ठरवलं आणि आप्पासाहेब स्वतः शाळेत आले. "मास्तर, फेटा तुम्हीच बांधायचा. तेव्हा निकाल तुम्हीच विरुद्ध दिला होतात. तुमच्या हातानं झालं की सगळं मिटलं. नोकरीची थोडीच वर्षं राहिलीत तुमची, ती सुखानं काढा." बोलणं गोड होतं, पण अर्थ न कळण्याइतकं कोणी खुळं नव्हतं. खून तर पुसला गेलाच होता. आता त्या पोरानं मारलेली कुस्तीही पुसायची होती, आणि ती पुसायला मास्तरांचाच हात हवा होता.

मास्तर म्हणाले, "येतो."

मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही. इतका संताप मला आप्पासाहेबांचाही आला नव्हता.

मैदान खचाखच भरलं होतं. सर्जेराव झगमगीत सदऱ्यात आला. टाळ्या थांबेनात. आप्पासाहेबांनी ताटातला फेटा पुढे केला. मास्तरांनी तो घेतला, काखेत धरला आणि उजव्या हातानं सर्जेरावाचा हात पकडला. "आदी फेरी," म्हणाले. "हितला रिवाज हाय." लोक खूश झाले. सर्जेरावही हसत निघाला.

पण मास्तरांचा डावा हातही बाहेर धरलेला होता. जरा उंच, एखाद्या उंच पोराचा हात धरावा तसा. त्या हातात कोणी नव्हतं. पाच-सहा पावलं चालून ते थांबले आणि मैदानभर ऐकू जाईल अशा कवायतीच्या आवाजात ओरडले, "जोड बघून घ्या!"

आधी थोडं हसू फुटलं. म्हाताऱ्याचं काहीतरी चुकलं असेल, असं वाटलं लोकांना. मास्तर पुढे गेले. पुन्हा थांबले. "जोड बघून घ्या!" आता ज्या बाजूनं ते जात, त्या बाजूच्या टाळ्या विझू लागल्या. सर्जेराव हात सोडवून घेऊ पाहत होता, पण पलटणीतला पंजा होता तो. एवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "ओ मास्तर, दुसरा कुठाय?"

मास्तर वळले. "म्याबी त्येच इचारतोय," ते म्हणाले. "दुसरा कुठाय?"

सगळं मैदान गप्प झालं. सर्जेरावाची मान खाली गेली, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मास्तरांनी त्याचा हात सोडला, फेटा परत ताटात ठेवला आणि एकटेच बाहेर चालू लागले.

इथं ही गोष्ट संपली असती तर मला माझ्या गावाचा अभिमान वाटला असता. तसं झालं नाही. आप्पासाहेबांनी कर्णा हातात घेऊन जयजयकार केला, स्वतःच्या हातानं फेटा बांधला, हलगी कडाडली, आणि गप्प झालेलं मैदान पहिल्यापेक्षा दुप्पट जोरानं ओरडलं. लाज वाटली की माणसं अशीच मोठ्यानं ओरडतात. मास्तरांवर पुन्हा ढेकळं आली. त्यांची पंचकी गेली. पुढं संस्थेनं बेशिस्तीचं कारण काढून नोकरीही घेतली. तीन-चार वर्षांनी ते वारले, तेव्हा त्यांच्यासाठी शाळेला सुट्टी मिळाली नाही. मी हेडमास्तरांना विचारलं होतं. अभ्यासक्रम मागे पडलाय, असं ते म्हणाले. माझा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

पण मास्तर म्हटलं की मला आठवते ती त्याच यात्रेची संध्याकाळ. त्यांची माफी मागायला मी घरी गेलो होतो. काकींनी नुकताच चहा दिला होता. अंगणात घोंगडं पांघरलेला एक म्हातारा येऊन उभा राहिला. भिवाचा बाप. माणहून चालत आणि एस.टी.नं असा दोन दिवसांत आला होता आणि मैदानात शेवटच्या रांगेत बसला होता. खटल्याबद्दल तो काही बोलला नाही. सर्जेरावाचं नावही त्यानं घेतलं नाही.

"मास्तर," तो म्हणाला, "येक इचारायचं हुतं. समदी म्हंत्यात, पाठ लागली न्हवती. माजं पोरगं तर सांगाया ऱ्हायलं न्हाई. लागली हुती न्हवं?"

चहाचा कप खाली ठेवून मास्तर अंगणात उतरले आणि त्या म्हाताऱ्याच्या पायापाशी आडवे झाले. गाल जमिनीला लावला. दोन्ही तळहात पुढे मातीवर टेकवले. "हितं म्या हुतो," ते म्हणाले. "हितं येक खांदा. हितं दुसरा. दोनी टेकलं हुतं, दादा. तुमच्या पोरानं जिकली."

म्हातारा त्या दोन तळहातांकडे बराच वेळ बघत राहिला. मग तो खाली बसला आणि घोंगड्याच्या टोकानं त्यानं मास्तरांच्या गालावरची माती पुसली.