कोरडा तळवा

पारगावच्या कारखान्यातली पाळी संपवून तो मंचरला नेमबाजीच्या सरावाला येतो, तेव्हा पिस्तुलापेक्षा त्याच्या पापण्याच जड असतात. फाल्गुनातल्या कोरड्या हवेत पिस्तुलाच्या लाकडी मुठीवर त्याचा हात टिकत नाही, म्हणून तो आधी तळव्यावर 'हाऽ' करून वाफ सोडतो.

"हाताला गुपित सांगता का, राव?" शेजारी सराव करणारा मी विचारतो.

"सांगतुय, पण ऐकत न्हाई."

जिल्ह्याच्या निवडीत शेवटचा छर्रा उरला असताना त्यानं तीनदा हात उचलला, तीनदा खाली आणला. वेळ संपली, संघातली जागा गेली.

"मारायचा की तसाच!" मी ओरडलो.

"पकड बसली न्हवती, भाऊ. चुकून लागला असता, तर तो नेम माझाच, असं मलाबी वाटलं असतं."

तो बाकावर आडवा होऊन घोरू लागला. माझ्यासारखा बडबड्याच मग येणाऱ्या-जाणाऱ्याला 'हळू बोला, राव' म्हणत बसला.