‘न्हाय’ म्हणजे काय

आमची आक्का एके काळी एवढी बोलायची, की तेरहून धाराशिवला येताना एसटीत शेजारी बसलेल्या बाईचं माहेर, सासर आणि दोन्हीकडची भांडणं तिला स्टँड यायच्या आत पाठ झालेली असत. मागच्या दिवाळीनंतर तिचं तोंड बंद झालं. भाकरी करायची, सगळ्यांना वाढायचं आणि स्वतः भिंतीकडं तोंड करून पडून राहायचं. बाहेरचं काही असेल म्हणून तिच्या सासूनं तिला सोनारीच्या देवाला नेऊन आणलं. भावजी म्हणाले, “वय झालं की व्हतंच असं.” पन्नाशीसुद्धा न गाठलेल्या बाईचं कसलं वय झालं, असं मी त्यांना तोंडावर विचारलं आणि आक्काला धाराशिवला माझ्या घरी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मानसोपचाराच्या रांगेत बसलो. डॉक्टर आत होते. दाराशी टेबल टाकून एक मदतनीस बसली होती, तिच्या हातात टॅब. त्यातले प्रश्न ती विचारणार, उत्तरांना गुण पडणार, गुण पुरेसे पडले तर आत सोडणार. म्हणजे दुःखाचीसुद्धा प्रवेश परीक्षा. उत्तरं पेशंटनं स्वतः द्यायची, नातेवाइकांनी मध्ये बोलायचं नाही, हा नियम. मी गप्प बसले. मला ते फार जड जातं.

“मावशी, गेल्या दोन आठवड्यांत कामात मन लागत नाही?” तिनं वाचलं.

“न्हाय,” आक्का म्हणाली.

मदतनिसानं टॅबवर बोट टेकवलं. “कशातच आनंद वाटत नाही?”

“न्हाय.”

पुन्हा बोट. मग ती माझ्याकडं बघून छान हसली. “शून्य आलं. मावशींना काही झालेलं नाही. पुढचे प्रश्न विचारायची गरजच नाही.”

मी वाकून बघितलं. दोन्ही प्रश्नांखाली ‘अजिबात नाही’ या चौकोनात खूण होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी शाळेत मराठी शिकवते, पण हे कळायला शाळाही लागत नाही. ‘जेवली नाहीस का?’ न्हाय. ‘नळाला पाणी आलं नाही का?’ न्हाय. म्हणजे जेवले नाही, पाणी आलं नाही. मन लागत नाही? न्हाय, नाही लागत. आक्कानं दोन्ही प्रश्नांना होकार दिला होता आणि टॅबनं तिला ठणठणीत ठरवून टाकलं होतं. कुठल्या शहाण्यानं हे प्रश्न मराठीत आणले कोण जाणे, आमच्याकडच्या एखाद्या ओट्यावर तो घटकाभरही बसला नसणार. बरं, माणूस जितका खचलेला तितका तो कमी बोलणार. कमी बोलला की एकच शब्द उरणार. आणि त्या एका शब्दाचा हा असा उलटा अर्थ.

हे सगळं मी तिला सांगितलं, आवाज चढवूनच सांगितलं.

“मॅडम, माझ्यावर कशाला ओरडता?” ती म्हणाली. “त्या स्वतः नाही म्हणाल्या. आता सबमिट झालंय. त्रास वाढला तर परत आणा.”

बोलण्यावरून ती इथलीच वाटत होती. घरी आईनं ‘न्हाय’ म्हटलं असतं तर तिला बरोबर कळलं असतं. हातात टॅब आला की कान बंद होणार असतील, तर चुलीत घाला तो टॅब, असंही मी म्हणाले. मागून कुणीतरी म्हणालं, “ओ बाई, आमाला बी नंबर हाय.” मी दारातून हलले नाही.

“तुमच्या यादीतला शेवटचा प्रश्न काय आहे?” मी विचारलं. “तो तेवढा विचारा, मग जाते.”

तिनं नाइलाजानं बोट सरकवत नेलं, मनात वाचलं आणि आवाज खाली आणला.

“मावशी, मरून जावं असं वाटतं?”

“व्हय,” आक्का म्हणाली. आधीच्या दोन उत्तरांइतक्याच आवाजात. मग म्हणाली, “रोजच.”

मी भांडण जिंकले होते आणि मला हंबरडा फोडावासा वाटत होता. मदतनिसानं टॅब टेबलावर पालथा ठेवला. ती उठली आणि आक्काच्या दंडाला धरून तिला आत घेऊन गेली.

त्याच दिवशी आक्काला दाखल करून घेतलं. आता ती गोळ्या घेते, थोडं थोडं बोलते, मला ‘लई भांडखोर हाईस’ म्हणते. माझा राग मात्र उतरलेला नाही. त्या सकाळी रांगेत आमच्या पुढं हिरव्या साडीतली एक बाई होती, एकटीच आलेली. तिनंही दोनदा ‘न्हाय’ म्हटलं आणि डोक्यावरचा पदर सारखा करत निघून गेली. नंतर मी तिची चौकशी केली. मदतनीस खाली बघत म्हणाली, ज्यांचं शून्य येतं त्यांचं नाव-गाव आम्ही लिहून घेत नाही.