एका मुलीच्या दोन नोंदी

माझं काम घरच्यांना नीट सांगता येत नाही. कुणी विचारलं तर मी "आकडेवारी" म्हणते, समोरचा "अच्छा, सर्वे" म्हणतो आणि विषय संपतो. खरं काम असं की आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या काही गावांत मुलींचं आणि बायकांचं हिमोग्लोबिन दर सहा महिन्यांनी तपासायचं, एकेकीचे आकडे ओळीनं लावायचे आणि त्यांची रेघ चढते की उतरते ते पाहायचं. एका वेळचा आकडा फारसं काही सांगत नाही. आज साडेआठ असलेली बाई सातावरून चढत आलेली असेल, नाहीतर बारावरून घसरत आलेली असेल. पहिलीला गोळ्या चालू ठेव म्हणायचं, दुसरीला उचलून दवाखान्यात न्यायचं. हे मी नव्या लोकांना मोठ्या तोऱ्यात शिकवत असे.

धनज गावची एक मुलगी होती. शाळेत असल्यापासूनच्या तिच्या पाच नोंदी होत्या: बारा, बारा, साडेअकरा, साडेदहा, साडेनऊ. सहाव्या फेरीत आमच्या तपासणीवाल्या बाईनं तिच्यापुढे "गावात नाही" लिहिलं. अशा आणखीही मुली होत्या. त्यांच्यासाठी मी अहवालात एक वाक्य टाकलं, जे या धंद्यात सगळेच टाकतात. ज्यांच्या नोंदी थांबल्या, त्यांच्या थांबण्याचा त्यांच्या तब्येतीशी संबंध नाही, असं धरलं आहे. वाक्य टाकून मी जेवायला गेले.

अहवाल पुढे पाठवण्याआधी वरून निरोप आला, गळालेल्यांपैकी चार घरी स्वतः जाऊन या. मी कुरकुरतच गेले. मार्चचं ऊन होतं. त्या मुलीची आई ओसरीत हरभरा पाखडत बसली होती.

"तिचं लगन झालं नं बाई. किन्हीराजाले देली."

मला जरा हायसं वाटलं. किन्हीराजा आमच्याच यादीतलं गाव. मी तिथेच लॅपटॉप उघडला. किन्हीराजाच्या यादीत त्या नावाचं कुणी नव्हतं.

"ते नाव आता कुठं राह्यलं?" आई म्हणाली. "बदललं नं. तांदळात लिवलं जवायानं."

माझंही बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, बायका हसल्या, मी लाजले. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं एका दुपारीत बदलतं. आणि मी जुन्या-नव्या नोंदींची जुळणी कशावर लावली होती? याच चारांवर. एवढी शिकलेली मी, स्वतः दोन नावांची बाई, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला माझीच चीड आली. त्या मुली काही योगायोगानं गळाल्या नव्हत्या. त्या लग्नाच्या वयात आल्या, त्यांची लग्नं झाली, लगेच दिवस गेले. रक्ताची सर्वांत जास्त गरज लागते नेमक्या त्या वेळी मी त्यांना हरवून बसले होते.

आईनं नवं नाव सांगितलं. ते यादीत होतं. एकच नोंद होती, दोन महिन्यांपूर्वीची: आठ, गरोदर. पुढे धोक्याची काही खूण नाही. नसणारच. माझी पद्धत एकट्या आकड्यावर पुरता विश्वास ठेवत नाही. आजूबाजूच्या बायका एकाच पाण्यावर, एकाच जेवणावर जगतात, म्हणून ती अशा एकट्या आकड्याला गावाच्या सरासरीकडे ओढून घेते. किन्हीराजाच्या बायकांत ही मुलगी चारचौघींसारखी दिसत होती. मी तिचे पाच आकडे या सहाव्याच्या आधी लावले. रेघ बारावरून सरळ खाली येत होती.

"कितवा महिना?"

"सहावा सरत आला. सातव्यात आनाचं होतं तिले. फोनवर म्हने, लय चक्कर येते, दम लागते. मी म्हन्लं, पयलटकरीन हायेस, होते तसं."

मी किन्हीराजाच्या आशाताईंना, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीला, फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "आठाचं काय घेऊन बसल्या मॅडम? इथं समद्याइचं आठ-नऊच राह्यते. गोळ्या देल्या तिले."

मी त्यांच्यावर ओरडले. त्यांचा काय दोष होता? त्यांना एक आकडा दिसत होता. बाकीचे पाच माझ्या पिशवीत होते. तरी त्या बिचाऱ्या तशाच उठून गेल्या आणि थोड्या वेळानं त्यांचाच फोन आला. "मॅडम, तिले उभं राहता येऊन नाही राह्यलं. पांढरीफटक पडली. गाडी बोलावली मी. मालेगावच्या दवाखान्यात नेतो तिले."

मी आणि तिची आई मिळेल त्या जीपनं कारंजाला आलो आणि तिथून आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावची एसटी धरली. एसटी प्रत्येक फाट्यावर थांबत होती. मी एरवी देवळात न जाणारी, त्या दिवशी रस्त्यात दिसेल त्या देवळाला हात जोडत होते. मध्येच मनात हिशेब सुरू व्हायचा, दर महिन्याला किती घसरलं, आज किती असेल, आणि मी तो मध्येच सोडून द्यायची, कारण उत्तर मला नको होतं. ती मरेल असं मला वाटत होतं. आणि ती मेली तर ते माझ्यामुळे, हे कुणाला कधी कळणारही नाही, असंही वाटत होतं.

"काई वंगाळ हाये का बाई?" आईनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

दवाखान्यात पोचलो तेव्हा तिला रक्ताची पहिली पिशवी लागलेली होती. हिमोग्लोबिन पाच निघालं होतं. पोटातल्या मुलाचे ठोके मिळाले नाहीत. ती स्वतः वाचेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती डोळे मिटून पडली होती. आई तिच्या पायांवरून हात फिरवत होती आणि रडत नव्हती, म्हणून मलाही रडता येईना.

जरा वेळानं डॉक्टरीणबाई केसपेपर घेऊन आल्या. वय, कितवं बाळंतपण, आधीचे आजार, असं विचारत लिहू लागल्या. मग म्हणाल्या, "हिचं रक्त याआधी कधी कुणी तपासलं होतं का?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "हो तं. दर सा महिन्याले. शाळेत होती तवापासून." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आपण मुलीची हयगय केली नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. तिनं माझा दंड धरून मला पुढे केलं.

"या बाईकडं समदं लिवलेलं हाये," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई पेन हातात धरून माझ्याकडे पाहत राहिल्या.