पोलादाची कातडी मोजणारे काका

एक्स-रेवाले काका आकडा कधी एकटे बघत नसत. गिऱ्हाईक चहाला गेलं असेल, तर ते येईपर्यंत पडद्याकडे पाठ करून बसायचे. हिंजवडीच्या त्यांच्या लॅबमध्ये मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणाले, "दोघांनी एकदमच बघायचं. मागाहून भांडण नको." माझ्याशी तरीही व्हायचंच.

माझा पिरंगुटला ग्राइंडिंगचा कारखाना. शाफ्ट घासताना पोलाद तापतं आणि निवल्यावर त्याची वरची कातडी ताणलेली राहते. दिसायला आरसा, पण पुढे तिथूनच तडा जातो. काका एक्स-रे सोडून तो ताण मोजायचे. आकडा उणे आला म्हणजे कातडी दाबलेली, माल पास. अधिक आला म्हणजे ताणलेली. "उणं आल्यावर पेढे वाटणारी तुम्हीच माणसं," म्हणायचे.

"काका, आकड्यातले वीस कमी करा की."

"ही काय मंडई आहे, शेठ?"

एकदा एका कंपनीच्या मोठ्या ऑर्डरच्या घाईत मी मशीन जोरात चालवलं. शाफ्टवर तपकिरी जळके डाग आले. ते मी स्वतः बारीक पॉलिश पेपरनं घालवले; तेवढ्यानं अगदी वरची कातडी दाबली जाते. पडद्यावर उणे आलं. मी उठलो.

"बसा," काका म्हणाले. त्यांनी त्या जागेवरचा केसाहून पातळ थर अ‍ॅसिड आणि करंट लावून काढला आणि पुन्हा मोजलं. अधिक. चांगलंच अधिक.

"कंपनीनं वरचं मागितलंय, खालचं न्हाई."

"मागितलंय वरचं. तुटणार खालून."

"लई हरिश्चंद्र लागून गेलात!"

त्यांनी शाफ्ट उजेडात फिरवला. "पॉलिश मात्र सुरेख आहे हो. कुणाचा हात?"

"माझाच."

"मग मशीनवर एवढी घाई कशाला केलीत?"

रिपोर्टात दोन्ही आकडे गेले. सगळा माल परत आला, कंपनी कायमची तुटली.

त्यानंतर मी तिथं पाऊल ठेवलं नाही. माल ड्रायव्हरबरोबर पाठवायचो. मशीन सावकाश चालवू लागलो, ग्राइंडिंगच्या दगडाला वेळच्या वेळी धार काढू लागलो. आकडे खालपर्यंत उणे येऊ लागले. डाग लपवले ही माझी चूक, मान्य. पण न मागितलेलं मला न विचारता लिहिलं, ही त्यांची. ती त्यांच्या तोंडून ऐकायची होती. दोन वर्षं थांबलो.

गेल्या महिन्यात ड्रायव्हर माल तसाच परत घेऊन आला. "काका गेले," म्हणाला. चालू होता तो शाफ्ट मी पुरा केला.

तिसऱ्या दिवशी महाळुंग्याला त्यांच्या घरी गेलो. काकूंनी विचारलं, "पिरंगुटचे शेठ ना तुम्ही?"

मी मान हलवली.

"हे म्हणायचे, त्यांना विचारून लिहायला हवं होतं मी. मी म्हटलं, मग करा की फोन. तर म्हणे, आधी त्यांना करू दे."

"व्हय," मी म्हणालो.

समोरच्याचा फोन येईपर्यंत आपण करायचा नाही, एवढ्या एका गोष्टीवर मी धंदा उभा केला. चपला घातल्या आणि कारखान्यात आलो. दुसरी पाळी सुरू झाली होती.